ओटीपोटांतील कळ : एक ऐतिहासिक विचार

आपल्याकडील सुशिक्षित घरांतसुद्धां स्त्रियांच्या दुखण्यांसंबंधीं बोलण्याची एक ठराविक रीत आहे. ताप आला तर तो अंशांत मोजतात, खोकला झाला तर तो कोरडा कीं ओला याची चौकशी होते. पण घरांतील बाईनें पोटांत दुखतें असें म्हटलें, कीं ओवा, शेकाची पिशवी आणि 'जरा पडून राहा' या तीन गोष्टींपलीकडे संभाषण सहसा जात नाहीं. दुखतें नेमकें कोठें, बेंबीच्या वर कीं खालीं, डावीकडे कीं उजवीकडे, पाळीच्या आधीं कीं नंतर, हे प्रश्न विचारणारा उद्धट ठरतो आणि त्यांचीं उत्तरें देणारी निर्लज्ज ठरते. वास्तविक बेंबीखालच्या त्या वीतभर जागेंत गर्भाशय, दोन बीजकोश, त्यांच्या नलिका, मूत्राशय, आंतड्यांचा बराच भाग आणि आंत्रपुच्छ इतके अवयव दाटीवाटीनें राहतात, आणि त्यांपैकीं कोणाही एकाचें दुखणें दुसऱ्याच्या नांवावर खपूं शकतें. तेव्हां येथें कारण ओळखणें कठीण आहे, हें कबूल. पण गेल्या चार हजार वर्षांत या कळेचीं जीं कारणें सांगण्यांत आलीं तीं पाहिलीं, म्हणजे सांगणाऱ्यांची अडचण केवळ शरीररचनेची नव्हती असें दिसून येतें. त्या कारणांचा थोडासा इतिहास वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

सर्वांत जुना लेखी पुरावा इजिप्तमधला. इ. स. १८८९ मध्यें फ्लिंडर्स पेट्री या उत्खननकारास एल्-लाहून येथें पपायरसचे जे तुकडे सांपडले, त्यांत स्त्रीरोगांवरचा एक ग्रंथ होता. तो ख्रिस्तपूर्व १८०० च्या सुमाराचा मानतात, आणि आज तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत आहे. त्याच्या चौतीस परिच्छेदांत एकामागून एक बायका येतात. एकीचे डोळे दुखतात, एकीचे दांत, एकीचे पाय, एकीचें ओटीपोट. आणि वैद्य बहुतेकींना एकच सांगतो कीं, हा गर्भाशयाचा विकार! उपाय म्हणून धुरी, लेप आणि पिण्याचीं औषधें. तपासण्यापूर्वींच कारण ठरलेलें असणें, ही या विषयांतली खोड इतकी जुनी आहे.

ग्रीकांनीं या कल्पनेस पाय फोडले. हिपोक्रेटिसच्या नांवावर मोडणाऱ्या ग्रंथसमूहांत स्त्रियांच्या रोगांवर मोठे प्रबंध आहेत. त्यांत असें प्रतिपादन आहे कीं, गर्भाशय रिकामा राहिला व कोरडा पडला म्हणजे हलका होतो आणि ओलाव्याच्या शोधांत यकृताकडे वर चढतो. त्यामुळें कळा येतात, श्वास कोंडतो, वाचा बसते. त्याला स्वस्थानीं परत आणण्याची युक्ति मोठी मौजेची होती. नाकाशीं जळक्या-कुजक्या पदार्थांचा दुर्गंध धरावयाचा आणि खालून सुगंधी धुरी द्यावयाची, म्हणजे गर्भाशय घाणीला भिऊन व सुवासाला लुब्ध होऊन खालीं उतरतो! प्लेटोनें 'टायमीअस' या संवादांत त्याचें वर्णन अपत्याची हांव धरलेला एक प्राणी असेंच केलें आहे. कॅपाडोशियाचा अरेटीअस तर त्याला प्राण्याच्या आंतला प्राणी म्हणतो. तत्त्वज्ञाला रोगी तपासावे लागत नाहींत, हें त्याचें भाग्य. आणि या भटक्या प्राण्यावर रामबाण उपाय कोणता? विवाह आणि गर्भधारणा. आपल्याकडे 'एक मूल झालें कीं राहील आपोआप' असें म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या बायकांना आपण हिपोक्रेटिसची परंपरा चालवीत आहों, याची कल्पना नसते.

या मताला आव्हान देणारा पुरुष ग्रीकांतच निघाला, हें त्यांना भूषणावह आहे. इफेससचा सोरॅनस हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीं रोममध्यें वैद्यकी करीत असे. गर्भाशय म्हणजे गुहेंतून बाहेर पडणारें श्वापद नव्हे, सुवासानें त्याला आनंद होत नाहीं कीं दुर्गंधानें तो पळत नाहीं, असें त्यानें स्पष्ट लिहिलें. दाह झाला म्हणजे गर्भाशयाचे बंध आंखडतात आणि तो ओढला जातो, इतकेंच. म्हणून रोगिणीला कर्कश आवाजांनीं व घाणेरड्या वासांनीं छळण्यापेक्षां ऊबदार खोलींत निजवून शेक द्यावा, असा त्याचा सल्ला होता. तो वाचला म्हणजे अठराशें वर्षांपलीकडचा हा माणूस खाटेशेजारीं बसून बाईचें म्हणणें ऐकत असावा, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. गॅलेननेंही भटक्या गर्भाशयाची कल्पना टाकून दिली. तरी धुरीचा उपाय पुढें दीड हजार वर्षें चालूच राहिला, आणि ग्रीक भाषेंतील गर्भाशयवाचक शब्दापासून निघालेला 'हिस्टेरिया' हा शब्द तर आपल्या घरांतूनहि रुळला.

आतां आपल्या घरांत पाहूं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा तिसावा अध्याय वीस प्रकारच्या 'योनिव्यापदां'ना वाहिलेला आहे. वायूवांचून स्त्रीचा हा भाग बिघडत नाहीं असें चरकाचें सूत्र असल्यामुळें स्नेहन, स्वेदन आणि बस्ति हे त्याचे मुख्य उपचार होत. आमच्या ग्रंथांत सारेंच होतें असें म्हणणाऱ्यांच्या पंगतीस मी बसत नाहीं. ज्ञान जेथें संपतें तेथील खिंडार बुजविण्यासाठीं 'वात' हा शब्द पुष्कळदां वापरलेला आहे. परंतु या विसांपैकीं 'उदावर्तिनी'चें वर्णन मात्र कोणाही चिकित्सकास मान डोलवावयास लावील. वेग उलट फिरल्यामुळें रज मोठ्या कष्टानें बाहेर पडतें, तोंवर रोगिणी वेदनांनीं पीडित असते, आणि स्राव मोकळा होतांच तिला तत्काळ सुख वाटतें, असें चरक सांगतो. यांत भटका प्राणी नाहीं, भूतबाधा नाहीं, मनाचा दुबळेपणाहि नाहीं. कळ केव्हां सुरू होते व केव्हां थांबते हें कोणीतरी नीट विचारून घेतलेलें आहे.

याच यादींत 'प्राक्चरणा' नांवाची एक व्यापद् आहे. अतिशय कोवळ्या वयाच्या मुलीशीं समागम झाला असतां वायु कुपित होऊन पाठ, कंबर, मांड्या व जांघा यांत वेदना उत्पन्न करतो, असें तिचें कारण दिलें आहे. हें कारण वातांत नसून विवाहसंस्थेंत आहे, आणि चरकानें तें न लाजतां नोंदविलें. असें असतां इ. स. १८९० च्या सुमारास आपल्याकडे संमतिवयाच्या प्रश्नावर जो भयंकर गदारोळ झाला, त्यांत या नोंदीचा उपयोग फारसा झालेला दिसत नाहीं. कलकत्त्यास १८८९ मध्यें फुलमणि दासी नांवाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या समागमानें झालेल्या इजेंत मरण पावली, आणि त्यानंतर दोन वर्षांनीं, १८९१ सालीं, संमतीचें वय दहावरून बारावर नेणारा कायदा झाला. पुण्यांत टिळकांनीं परकी सरकारच्या हस्तक्षेपास कडाडून विरोध केला, डॉ. भांडारकरांनीं धर्मशास्त्राच्याच आधारें कायद्याची बाजू घेतली. वचनांची लढाई झाली आणि ती आपल्या इतिहासांत सविस्तर लिहिली गेली. हिंदुस्थानांत काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनीं आपण स्वतः तपासलेल्या मुलींचीं उदाहरणें जोडून व्हाइसरॉयकडे अर्ज केला होता, ही गोष्ट मात्र त्या इतिहासांत एखाद्या ओळीपलीकडे येत नाहीं. माझ्या मतें त्या सर्व वादांतला तोच एक कागद असा होता कीं, ज्यांत दुखणाऱ्या शरीराची साक्ष काढलेली होती.

युरोपचा मधला काळ झटपट ओलांडण्यास हरकत नाहीं. त्यांतली एकच गोष्ट सांगतों. लंडनमध्यें १६०२ सालीं एका चौदा वर्षांच्या मुलीला झटके येऊं लागले, आणि एका म्हातारीनें चेटूक केलें म्हणून तिच्यावर खटला झाला. एडवर्ड जॉर्डन या डॉक्टरानें साक्ष दिली कीं, हें चेटूक नसून गर्भाशयापासून उद्भवणारा स्वाभाविक रोग आहे. न्यायाधीशानें तें मानलें नाहीं; जॉर्डननें पुढच्याच वर्षीं आपलें मत पुस्तकरूपानें छापलें. त्याची उपपत्ति चुकीची होती, पण ती एका निरपराध बाईला वांचविण्यासाठीं मांडलेली होती. चुकीच्या शास्त्राचाहि कधीं कधीं सदुपयोग होतो, तो असा.

कळेचें कारण पोट उघडून डोळ्यांनीं पाहणें हें एकोणिसाव्या शतकापूर्वीं जिवंत माणसाच्या बाबतींत अशक्यच मानलें जाई. तें शक्य आहे असें प्रथम सिद्ध झालें तें लंडन-पॅरिसच्या रुग्णालयांत नव्हे, तर अमेरिकेंतील केंटकी संस्थानाच्या डॅनव्हिल या आडगांवीं. जेन टॉड क्रॉफर्ड नांवाच्या शेतकरी कुटुंबांतील बाईचें पोट एकसारखें वाढत होतें. दिवस भरून गेले तरी सुटका होईना, म्हणून इफ्रेम मॅक्डॉवेल या डॉक्टरास बोलावणें गेलें. त्यानें तपासून सांगितलें कीं, हा गर्भ नसून बीजकोशाची गांठ आहे. ती काढण्याचा प्रयोग आजवर कोणी केलेला नाहीं. प्रयोगास तयार असाल तर माझ्या गांवीं या. ती बाई डिसेंबरच्या थंडींत साठ मैल घोड्यावरून आली. ईथरचा शोध लागण्यास अद्यापि सदतीस वर्षें अवकाश होता. डिसेंबर १८०९ मध्यें मॅक्डॉवेलनें आपल्या घरींच ती शस्त्रक्रिया केली आणि साडेबावीस पौंडांची गांठ बाहेर काढली. त्या वेळीं ती स्तोत्रें म्हणत होती, अशी आख्यायिका आहे. पांचव्या दिवशीं ती आपला बिछाना आपण घालूं लागली, पंचविसाव्या दिवशीं घरीं परतली आणि पुढें बत्तीस वर्षें जगली. या हकीकतींत डॉक्टराच्या धैर्याचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. मला कौतुक वाटतें तें त्यानें तिला जें खरें होतें तें सांगितलें आणि निर्णय तिच्यावर सोंपविला, याचें.

यानंतर बेशुद्धीचीं औषधें आलीं, लिस्टरची जंतुनाशक पद्धति आली, आणि पोट उघडणें सुकर झालें. सुकर झाल्याबरोबर त्याचा अतिरेकहि झाला. या बाबतींत १८७२ हें साल मोठें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं अमेरिकेंतील जॉर्जिया प्रांतांत रॉबर्ट बॅटी या शस्त्रवैद्यानें पाळीच्या वेदना व तद्नुषंगिक मज्जाविकार यांवर उपाय म्हणून स्त्रीचे बीजकोश काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. कोशांत रोग असलाच पाहिजे असें नव्हतें. वेदना आहे ना? मग कोश काढा. 'बॅटीची शस्त्रक्रिया' पाहतां पाहतां दोन्ही खंडांत पसरली. हजारों स्त्रियांचे धडधाकट अवयव तिच्यापायीं गेले, अकालीं ऋतुनिवृत्ति आली, कित्येक दगावल्या. आणि काढलेले कोश सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले असतां पुष्कळदां निर्दोष आढळत. भटक्या प्राण्याची कल्पना मेली, पण तिचें भूत चाकू घेऊन हिंडूं लागलें.

त्याच १८७२ सालीं न्यूयॉर्कमधील एमिल नोएगेराथ या जर्मन डॉक्टराचा एक लहानसा प्रबंध प्रसिद्ध झाला. लग्नापूर्वीं धडधाकट असलेल्या मुली लग्नानंतर थोड्याच महिन्यांत ओटीपोटाच्या दुखण्यानें खंगूं लागतात व वांझ राहतात, याचें कारण त्यानें वेगळ्याच ठिकाणीं शोधलें. नवऱ्यांना तारुण्यांत परमा झालेला असतो. तो बरा झाला असें ते समजतात. पण तो आंत दडून राहतो, आणि पत्नीच्या गर्भाशयांतून नलिकांत शिरून तेथें दाह उत्पन्न करतो. त्याचे आंकडे फुगलेले होते, हें खरें. परंतु समव्यवसायी मंडळींनीं त्याला जें झिडकारलें तें कांहीं आंकड्यांच्या शुद्धीसाठीं नव्हे. ज्यांच्या बायका औषधाला येत, फी तेच देत. आणि निदान त्यांच्यावरच उलटत होतें! १८७९ सालीं नायसरला परम्याचे जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं दिसले, आणि मग नोएगेराथचें मूळ म्हणणें खरें, हें हळूहळू मान्य करावें लागलें. एकाच वर्षीं दोन वाटा फुटल्या होत्या. एक बाईच्या शरीरांत कापाकापी करीत जात होती, दुसरी घरांतल्या पुरुषाला प्रश्न विचारीत होती. पहिली वाट किती लौकर राजमार्ग झाली, हें वर आलेंच आहे.

त्यापुढील काळांत मात्र खरीं कारणें एकामागून एक हातीं लागूं लागलीं. बर्मिंगहॅमच्या लॉसन टेटनें १८८३ सालीं, नलिकेंत राहिलेला गर्भ फुटून रक्तस्रावानें मरणाऱ्या स्त्रीला शस्त्रक्रियेनें वांचवितां येतें हें दाखविलें; तत्पूर्वीं अशा स्त्रिया अचानक पोटांत कळ येऊन गेल्या एवढीच नोंद मागें राही. बोस्टनच्या रेजिनल्ड फिट्झनें १८८६ सालीं आंत्रपुच्छाचा दाह हा स्वतंत्र रोग म्हणून ओळखला. गर्भाशय व नलिका यांचा क्षय मोर्गान्यीनें १७४४ सालींच एका तरुण स्त्रीच्या शवांत पाहिला होता. कॉकनें १८८२ मध्यें क्षयाचे जंतु दाखविल्यावर त्याचा उलगडा झाला. हा शेवटचा रोग आपल्या देशाला दुर्दैवानें आजहि अपरिचित नाहीं. बारीक ताप, मंद कळ आणि वंध्यत्व एवढ्याच त्याच्या खुणा असल्यामुळें वांझपणाचा शिक्का आधीं बसतो व क्षयाचें निदान मागाहून होतें.

पण पुरुष डॉक्टरासमोर पोट दाखविण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या समाजांत हें ज्ञान पोंचणार कसें? मुंबईस १८८३ मध्यें डॉ. एडिथ पीची आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीनें बांधलेलें, स्त्री-डॉक्टरांनीं चालवावयाचें रुग्णालय १८८६ सालीं उघडलें. त्याच वर्षीं फिलाडेल्फियास आनंदीबाई जोशी पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंची प्रसूतिविद्या हा होता. वर्षाच्या आंतच, फेब्रुवारी १८८७ मध्यें, त्या पुण्यास क्षयानें वारल्या. अल्पवयांतील विवाह नाकारून न्यायालयापर्यंत लढलेल्या रखमाबाई मात्र १८९४ मध्यें डॉक्टर होऊन परतल्या आणि त्यांनीं सुरत व राजकोट येथें दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

विसाव्या शतकानें जुन्या भुताला नवा पोशाख दिला. फ्रॉइडनें १९०५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'डोरा' नामक मुलीच्या हकीकतींत तिच्या पोटांत उठलेल्या कळेचा व तापाचा अर्थ, आंत्रपुच्छदाह म्हणून न लावतां, प्रसूतीची गुप्त कल्पना असा लावला आहे. मनाचा व वेदनेचा संबंध नाहीं असें कोण म्हणेल? परंतु मनाचें कारण हें शेवटीं, बाकीचीं सारीं तपासून झाल्यावर, सांगावयाचें असतें. येथें तें आधीं सांगितलें जाऊं लागलें. पाळीच्या वेदना म्हणजे स्त्रीत्वाचा अस्वीकार, असें सांगणारे विद्वान् पुढें पुष्कळ निघाले. इंग्लंडांत पिकल्सनें १९५७ सालीं पाळीच्या स्रावांतच स्नायु आंखडविणारें एक द्रव्य असल्याचें दाखविलें, आणि पुढें प्रोस्टाग्लँडिन म्हणून ओळखल्या गेलेल्या या द्रव्यवर्गाला आवरणाऱ्या साध्या गोळ्यांनीं, 'अस्वीकारा'पोटीं येणाऱ्या त्या कळा थांबूं लागल्या. चरकाची उदावर्तिनी येथें थोडी हंसली असेल.

दुसरें मोठें कोडें म्हणजे एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या अंतस्त्वचेसारखी त्वचा बीजकोशांवर व उदराच्या आवरणावर रुजते, दरमहा तेथेंहि रक्तस्राव होतो, आणि त्यांतून डाग, गांठी व न संपणाऱ्या वेदना उत्पन्न होतात. ऑल्बनीच्या जॉन सॅम्पसननें १९२१ मध्यें बीजकोशांतील काळसर रक्ताच्या गांठींचें वर्णन केलें आणि १९२७ मध्यें, पाळीचें रक्त नलिकांतून उलट पोटांत जाऊन ही त्वचा पेरतें, अशी उपपत्ति मांडली. तीहि अपुरी आहे, कारण असा उलट स्राव बहुतेक स्त्रियांत होतो आणि रोग थोड्यांनाच होतो. पण उपपत्तीपेक्षां तिच्याभोंवतीं जी दंतकथा वाढली ती अधिक बोधप्रद आहे. बोस्टनच्या मीग्जला १९४० च्या दशकांत हा रोग आपल्या सधन रोगिणींत अधिक दिसला, आणि त्यानें सांगितलें कीं, उशिरा लग्न करणें व मुलें लांबविणें हें याचें मूळ. लौकर लग्न करा, लौकर मुलें होऊं द्या. पुन्हा हिपोक्रेटिस! पुढें 'नोकरीवाल्या बायकांचा रोग' असें नांवच पडलें. गरीब निग्रो स्त्रीला तेंच दुखणें झालें, कीं तिच्या वांट्याला परम्याच्या दाहाचें निदान व त्याबरोबरचा संशय येई. शिकागोच्या डोनाल्ड चॅटमननें १९७६ सालीं दुर्बिणीनें पोटांत पाहून, अशा कित्येकींना वस्तुतः एंडोमेट्रिऑसिसच होता, हें दाखविलें. श्रीमंतीण असली तर हौस नडली, गरीब असली तर चालचलणूक नडली. दुखणें एकच.

बेंबीजवळ लहानसें छिद्र पाडून दुर्बिणीनें आंत पाहण्याची ही विद्या पॅरिसच्या राऊल पामर यानें १९४० च्या दशकांत स्त्रीरोगांसाठीं वाढविली. ग्लासगोच्या इयान डोनाल्डनें ध्वनिलहरींनीं पोट पाहण्याचें यंत्र बनविलें, त्याची हकीकत मॅक्डॉवेलच्या गोष्टीशीं ताडून पाहण्यासारखी आहे. जठराच्या कर्करोगानें मरणार असें ठरलेल्या एका बाईच्या पोटावर त्यानें तें यंत्र फिरविलें, तों पाण्यानें भरलेली एक भली मोठी गांठ दिसली. ती बीजकोशाचीच होती. काढून टाकली आणि बाई वांचली. हा प्रबंध १९५८ सालीं प्रसिद्ध झाला. अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांनीं १९८० सालीं आपल्या अधिकृत वर्गीकरणांतून 'हिस्टेरिया' हें नांवच काढून टाकलें.

तेव्हां साधनें आलीं, नांवें गेलीं. मग विचारणाऱ्यांचें काय? गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनीं दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, ती १९८९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाली. शंभरांतील ब्याण्णव स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता; सरासरीनें एकीस साडेतीनांहून अधिक विकार; आणि तत्पूर्वीं कधीं काळीं तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा आठ. तक्रार सांगणाऱ्या शेंकडा पंचावन्नच निघाल्या. धुपणी, कंबरदुखी, ओटीपोटांतील ओढ हें सारें बाईच्या जातीला असावयाचेंच, असें बाकीच्या धरून चालल्या होत्या. त्या वेळपर्यंत जगांतील स्त्रीआरोग्याच्या योजना बहुतांशीं बाळंतपण व कुटुंबनियोजन यांभोंवतींच फिरत. या तपासणीनें त्यांना गर्भाबाहेरची बाई प्रथम दाखविली.

आणि बॅटी? त्याची शस्त्रक्रिया शंभर वर्षांपूर्वींच ग्रंथांतून गेली. परंतु २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयीं ओरड झाली, तेव्हां सरकारनें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकीं १३ हजार ८०० हून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले, आणि त्यांत ऐन तिशींतल्या बायका पुष्कळ होत्या. बहुतेकींची मूळ तक्रार अंगावरून पांढरें जाणें, अनियमित पाळी किंवा पोटांतील कळ अशी. जंतुदाहावरच्या औषधांनीं जी बरी होण्याचा संभव अधिक, अशीच. कर्करोगाची भीति घालून कित्येकींना शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेलें गेलें. वयाच्या तिशींत गर्भाशय, व त्याबरोबर कित्येकदां बीजकोशहि गेले, म्हणजे हाडें ठिसूळ होतात आणि कंबर पूर्वींपेक्षां अधिक दुखूं लागते, हें त्यांना कोणी आधीं सांगितलें नव्हतें. ऊसतोडीच्या फडांत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि कामावर खाडा झाला कीं दंड कापला जातो. त्या हिशेबांत पाळीच्या चार दिवसांसाठीं वेगळा रकाना नसतो.